अमेरिकेत स्वतःचं क्लिनिक काढताना: क्रेडेन्शियलिंग बाहेर द्या, पण किल्ल्या तुमच्याकडेच ठेवा

महाराष्ट्र मंडळाच्या दिवाळीत फराळाची ताटली हातात धरून तरुण डॉक्टर मला एक प्रश्न हमखास विचारतात: "क्रेडेन्शियलिंग (इन्शुरन्सकडून बिलं मिळावीत म्हणून डॉक्टरने करायची कागदपत्रं आणि मान्यता) स्वतः करू की हे काम करून देणाऱ्या कंपनीला देऊ?" मी मिरजेत एमबीबीएस केलं, इथे रेसिडेन्सी (पदव्युत्तर प्रशिक्षण) केली, टेक्ससमध्ये जे-१ वेव्हरची, म्हणजे व्हिसाच्या मायदेशी परतण्याच्या अटीतून सूट मिळवण्यासाठीच्या नोकरीची, तीन वर्षं काढली आणि मग न्यू जर्सीत इंटर्नल मेडिसिनचं छोटं क्लिनिक सुरू केलं. हे काम मी दोनदा बाहेर दिलं. पहिल्यांदा सप्टेंबरच्या एकोणीस दिवसांची मेडिकेअरची (मुख्यतः ६५ च्या पुढच्यांच्या सरकारी आरोग्य विम्याची) कमाई बुडाली, दुसऱ्यांदा सगळं सुरळीत झालं. ताटली हातात असताना एवढं सांगून होत नाही, म्हणून क्रमाने लिहिते.

१. कोणतं काम बाहेर देताय ते आधी समजून घ्या

'क्रेडेन्शियलिंग' या एका शब्दाखाली चार वेगळी कामं असतात, आणि कंपनीचा सेल्समन चारही एकाच दमात सांगतो.

क्रेडेन्शियलिंग म्हणजे तुमची पदवी, लायसन्स, बोर्ड सर्टिफिकेट, पूर्वीच्या नोकऱ्या आणि मालप्रॅक्टिसचा (उपचारातल्या चुकीबद्दलच्या दाव्यांचा) इतिहास मूळ ठिकाणी तपासून घेणं. एनरोलमेंट म्हणजे मेडिकेअर, मेडिकेड (कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी विमा) किंवा खासगी इन्शुरन्स कंपनीच्या यादीत बिल पाठवणारे डॉक्टर म्हणून नाव लागणं. काँट्रॅक्टिंग म्हणजे खासगी कंपनीशी दराचा करार. हॉस्पिटल प्रिव्हिलेजेस, म्हणजे हॉस्पिटलमध्ये पेशंट बघायची परवानगी, हे चौथं काम. ते हॉस्पिटलच्या मेडिकल स्टाफ ऑफिसमधून होतं, त्याचा तुमच्या बिलांशी थेट संबंध नाही.

यातल्या तिसऱ्या कामात बरेच जण फसतात. 'क्रेडेन्शियलिंग मंजूर' अशी ईमेल येते, आनंदाने पेशंट बघायला सुरुवात होते आणि क्लेम (पाठवलेली बिलं) परत येतात, कारण करारावर सही झालेली नसते किंवा इन्शुरन्स कंपनीच्या सिस्टिममध्ये तो चढलेला नसतो. ज्या पत्रात इफेक्टिव्ह डेट, म्हणजे मान्यता लागू होण्याची तारीख, लिहिली आहे तेच पत्र खरं. बाकी सगळं वाटेतलं.

२. क्लिनिकच्या तारखेवरून उलटं मोजा

खासगी कंपन्यांना साधारण तीन ते चार महिने लागतात, कधी जास्तही. मेडिकेअरला दोन-तीन महिने धरून चला. म्हणून जागेच्या लीजवर सही करण्याआधीच दोन फोन करा. एक मालप्रॅक्टिस विम्याच्या एजंटला. दुसरा तुमच्या भागात ज्या इन्शुरन्स कंपनीचे पेशंट सर्वांत जास्त आहेत तिच्या प्रोव्हायडर रिलेशन्सला, आणि विचारा: तुमच्या स्पेशालिटीचं पॅनेल (डॉक्टरांची यादी) या काउंटीत (जिल्ह्यात) उघडं आहे का? पॅनेल बंद असेल तर कितीही महागडी कंपनी नेमली तरी दार उघडत नाही. हा फोन फुकट आहे आणि तो तुम्हीच करायचा.

मेडिकेअरचा अर्ज मात्र फार लवकर पाठवू नका. तुम्ही दिलेल्या सुरुवातीच्या तारखेच्या ६० दिवसांहून आधी तो पोहोचला तर परत येतो. दुसऱ्या राज्यात आधी मेडिकेअरमध्ये असाल तरी नव्या राज्यात नवा अर्ज लागतो. माझी टेक्ससची नोंदणी न्यू जर्सीत चालली नाही, आणि दोन्ही राज्यांचं काम नोव्हिटास हा मेडिकेअरसाठी अर्ज तपासणारा एकच काँट्रॅक्टर बघत होता तरीही.

३. कागद गोळा करा. आपल्या लोकांची अडचण नावाची

कंपनीला फोन करण्याआधी हे सगळं एका फोल्डरमध्ये स्कॅन करून ठेवा:

- राज्याचं मेडिकल लायसन्स
- डीईए रजिस्ट्रेशन (नियंत्रित औषधं लिहून देण्याची केंद्र सरकारची परवानगी), नव्या राज्याच्या पत्त्यावरचं. फी ८८८ डॉलर, मुदत तीन वर्षं. न्यू जर्सीत त्याआधी राज्याचं सीडीएस रजिस्ट्रेशन (त्याच औषधांची राज्याची परवानगी) लागतं. हा क्रम उलटा केला तर आठवडे जातात
- बोर्ड (स्पेशालिटीच्या परीक्षेचं) सर्टिफिकेट किंवा बोर्ड एलिजिबल असल्याचं पत्र
- ईसीएफएमजी सर्टिफिकेट (परदेशी पदवीच्या डॉक्टरांना लागणारं), एमबीबीएसची पदवी, इंटर्नशिपचा दाखला, रेसिडेन्सीचं सर्टिफिकेट
- मालप्रॅक्टिसचा फेस शीट (विमा पॉलिसीचं पहिलं पान), तुमचं नाव, रक्कम आणि मुदत दिसेल असा. बहुतेक ठिकाणी प्रति क्लेम दहा लाख आणि एकूण तीस लाख डॉलर मागतात. जुनी पॉलिसी क्लेम्स-मेड प्रकारची (चालू असताना आलेल्या दाव्यांपुरतीच) असेल तर टेल कव्हरेजचा (नंतर येणाऱ्या दाव्यांच्या संरक्षणाचा) कागदही
- महिना आणि वर्षासह बायोडेटा
- डब्ल्यू-९ (टॅक्स नंबर कळवायचा फॉर्म) आणि आयआरएसचं (कर खात्याचं) ईआयएन, म्हणजे क्लिनिकचा टॅक्स नंबर, दिल्याचं मूळ पत्र, सीपी-५७५. हरवलं असेल तर आयआरएसला फोन करून त्याऐवजीचं १४७-सी पत्र मागून घ्या
- क्लिनिकच्या नावाचा व्हॉइड (रद्द केलेला) चेक किंवा बँकेचं पत्र
- व्हिसाचे कागद, सोशल सिक्युरिटी कार्ड, ड्रायव्हिंग लायसन्स

आता नावाचं. विद्यापीठाच्या मार्कलिस्टवर आपलं आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं. पासपोर्टवर वडिलांचं नाव 'गिव्हन नेम'मध्ये जाऊन बसतं, म्हणून ईसीएफएमजीवर ते कधी पहिल्या नावाला चिकटतं, कधी मधलं होतं. लग्नानंतर नाव बदललं असेल तर मधलंही बदलतं आणि आडनावही. माझ्या पदवीवर एक नाव, लायसन्सवर दुसरं आणि सोशल सिक्युरिटी कार्डवर तिसरं होतं. इथल्या तपासणाऱ्या माणसाला या तीन वेगळ्या बायका दिसतात, आणि त्यात त्याची काही चूक नाही.

उपाय सोपा आहे, पण तो आधी करायला हवा. सोशल सिक्युरिटी कार्डावरचं नाव हे तुमचं मुख्य नाव ठरवा. एनपीआय (डॉक्टरचा राष्ट्रीय ओळख नंबर), मेडिकेअर, बँक, मालप्रॅक्टिस, सगळीकडे तेच, अक्षर न अक्षर तेच. जुनी नावं प्रत्येक अर्जातल्या 'अदर नेम' या रकान्यात भरा. तो रकाना त्यासाठीच आहे. सोबत विवाह नोंदणीचा दाखला जोडा. तो मराठीत असेल तर भाषांतर करून ठेवा.

क्लिनिकच्या नावाचंही तसंच. आयआरएसच्या पत्रावर 'एलएलसी'च्या आधी स्वल्पविराम असेल तर तुमच्या अर्जातही असू द्या. तिथे 'असोसिएट्स' पूर्ण लिहिलं असेल तर तुम्ही संक्षेप करू नका. कायदेशीर नाव न जुळल्यामुळे अडकलेले अर्ज मी बरेच पाहिलेत.

तारखांचंही बघा. आपल्या दाखल्यांवर दिवस आधी, महिना नंतर. ०५/०८ म्हणजे मिरजेत पाच ऑगस्ट, न्यू जर्सीत आठ मे. कंपनीचा माणूस जसं दिसतं तसं भरतो, मग कॉलेजच्या पत्राशी ते जुळत नाही. बायोडेटात महिना अक्षरांतच लिहा.

रिकामा काळ लपवू नका. इन्शुरन्स कंपन्या किमान मागच्या पाच वर्षांचा कामाचा इतिहास बघतात आणि सहा महिन्यांहून मोठ्या खंडाचं कारण विचारतात. वर्षाहून मोठा खंड असेल तर कारण लेखी मागतात. हॉस्पिटलं तर पदवीपासूनचा हिशेब मागतात. इंटर्नशिप संपून रेसिडेन्सी लागेपर्यंत यूएसएमएलई या इथल्या लायसन्सच्या परीक्षेच्या अभ्यासात गेलेली दोन वर्षं आपल्यातल्या कितीतरी जणांकडे असतात. एच-४ व्हिसावर (नोकरीवर आलेल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर) घरी काढावा लागलेला काळही बऱ्याच मैत्रिणींकडे आहे. त्यात लाजण्यासारखं काही नाही. दोन ओळींत सरळ लिहा: या महिन्यापासून त्या महिन्यापर्यंत परीक्षेची तयारी, किंवा एच-४ व्हिसा, कामाची परवानगी नव्हती. रिकामी जागा सोडली तर फाइल थांबते, दोन ओळी लिहिल्या तर पुढे सरकते.

४. तीन खाती स्वतःच्या हाताने उघडा

कंपनी म्हणेल, "तुम्ही काळजी करू नका, आम्ही सगळं उघडतो." ही तीन मात्र तुम्हीच उघडा. दोन संध्याकाळी पुरतात.

पहिलं एनपीआय. दहा आकडी नंबर, फुकट मिळतो. तुमचा टाइप १ तर रेसिडेन्सीपासून असेलच. क्लिनिकसाठी टाइप २ वेगळा घ्या. ही माहिती सगळ्या जगाला दिसते हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. रेसिडेन्सीत घाईघाईत घरचा पत्ता आणि स्वतःचा मोबाइल टाकलेला असेल तर तो आजही तिथे दिसतोय, बदला. टॅक्सॉनॉमी कोडही (स्पेशालिटीचा कोड) तपासा. इंटर्नल मेडिसिनचा २०७आर०००००एक्स. रेसिडेन्ट असतानाचा विद्यार्थ्याचा कोड तसाच राहिलेला असतो आणि त्यामुळे क्लेम अडकतात.

दुसरं सीएक्यूएच, डॉक्टरांच्या माहितीचं ऑनलाइन पोर्टल. बहुतेक खासगी कंपन्या तुमची माहिती इथूनच उचलतात आणि डॉक्टरांना याचे पैसे पडत नाहीत. दर १२० दिवसांनी तुम्हाला 'माहिती बरोबर आहे' असं पुन्हा सांगावं लागतं. ती तारीख चुकली की मधेच असलेले अर्ज थांबतात आणि कोणी फोन करून सांगत नाही. शिवाय कोणत्या इन्शुरन्स कंपनीला माहिती बघायची परवानगी आहे तेही तपासा. पूर्ण भरलेली फाइल परवानगीच नसल्यामुळे महिनाभर पडून राहिल्याचं मी एका मैत्रिणीच्या बाबतीत पाहिलं.

तिसरं मेडिकेअरचं आय अँड ए (लॉगिनचं) खातं, ज्यातून पेकॉस या मेडिकेअरच्या ऑनलाइन अर्जप्रणालीत जाता येतं.

५. कंपनी निवडताना हे विचारा

दर दोन तऱ्हेचे असतात: प्रति डॉक्टर प्रति इन्शुरन्स कंपनी, किंवा महिन्याचा ठरावीक. पाच-सहा इन्शुरन्स कंपन्यांसाठी एकदाच काम असेल तर पहिला बरा. तुमच्याकडे नर्स प्रॅक्टिशनर, दुसरा डॉक्टर, दोन जागा असं वाढत जाणार असेल तर दुसरा. कलेक्शनच्या (वसूल झालेल्या बिलांच्या) टक्केवारीवर क्रेडेन्शियलिंग देऊ नका. ते बिलिंगचं गणित आहे.

मग विचारा:

- माझी फाइल नेमकं कोण बघणार? त्या व्यक्तीशी बोलू द्या
- ती व्यक्ती सोडून गेली तर कोण? नोंदी कुठे राहतात?
- या राज्यात, या स्पेशालिटीत आधी किती अर्ज केलेत?
- दर आठवड्याला लेखी अहवाल मिळेल का? त्यात कॉलची तारीख आणि रेफरन्स नंबर असेल का?
- माझा सोशल सिक्युरिटी नंबर कोणाकोणाला दिसेल आणि कुठे साठवला जाईल?

हल्ली बऱ्याच कंपन्यांचं प्रत्यक्ष काम भारतात होतं. माझी दुसरी फाइल पुण्यातल्या एका मुलीने सांभाळली. तिचं काम इतकं चोख होतं की मेडिकेअरचं पत्र मी उघडायच्या आत उत्तराचा मसुदा तयार असायचा. त्यामुळे काम कुठे होतं यावरून घाबरू नका, पण विचारा नक्की. क्रेडेन्शियलिंगमध्ये पेशंटची माहिती नसते. तीच कंपनी बिलिंगही करणार असेल तर हिपा या पेशंटच्या गोपनीयतेच्या कायद्याखालचा बिझनेस असोसिएट करार हवाच, आणि काही राज्यांच्या मेडिकेड करारांत पेशंटची माहिती देशाबाहेर पाठवायला मनाई आहे हेही ध्यानात ठेवा.

दोन गोष्टी ऐकल्या की उठून या. "अमुक दिवसांत मंजुरीची गॅरंटी" ही पहिली. निर्णय इन्शुरन्स कंपनीच्या समितीचा असतो, एजंटचा नव्हे. "मेडिकेअरची अर्ज फी आम्ही भरतो, एवढे पाठवा" ही दुसरी. डॉक्टरांना आणि डॉक्टरांच्या ग्रुपला मेडिकेअरची अर्ज फी नाही.

६. परवानगी द्या, पासवर्ड देऊ नका

एकोणीस दिवस कसे गेले ते आता सांगते, कारण या लेखाचं कारणच ते आहे.

क्लिनिक एक सप्टेंबरला उघडायचं होतं. पहिल्या कंपनीने चौदा जुलैला मेडिकेअरचा अर्ज पाठवला, म्हणजे वेळेत. पण संपर्कासाठी पेकॉसमध्ये त्यांच्या एका कर्मचाऱ्याची ईमेल घातली, माझी कुठेच नाही. ऑगस्टच्या सुरुवातीला काँट्रॅक्टरने एक कागद मागितला. असं पत्र आलं की उत्तराला ३० दिवस असतात. तो कर्मचारी नोकरी सोडून गेला होता. पत्र कोणीच वाचलं नाही आणि सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात अर्ज फेटाळला गेला. मला दर आठवड्याला 'इन प्रोसेस' एवढंच कळत होतं. ऑक्टोबरच्या मध्यावर मी स्वतः काँट्रॅक्टरला फोन केला तेव्हा खरं समजलं. वीस ऑक्टोबरला नवा अर्ज गेला.

मेडिकेअरमध्ये मंजूर झालेला अर्ज ज्या दिवशी दाखल झाला तो दिवस आणि तुम्ही त्या जागी काम सुरू केलं तो दिवस, यातला नंतरचा दिवस ही तुमची इफेक्टिव्ह डेट. त्याआधीच्या जास्तीत जास्त ३० दिवसांचं बिल मागे जाऊन करता येतं. वीस ऑक्टोबरपासून मागे मोजलं की वीस सप्टेंबर येतो. एक ते एकोणीस सप्टेंबरमध्ये तपासलेल्या मेडिकेअरच्या पेशंटांचं काहीच मिळालं नाही. बहुतेक सगळे सत्तरीच्या पुढचे, नव्या डॉक्टरवर विश्वास टाकून आलेले. त्यांच्याकडे मी पैसे मागितले नाहीत.

म्हणून:

- क्लिनिकच्या डोमेनवर एक स्वतंत्र ईमेल उघडा आणि प्रत्येक अर्जात संपर्कासाठी तीच द्या. कंपनीला त्याची कॉपी जाईल अशी सोय करा, उलटं नाही
- आय अँड ए खात्यात कंपनीला 'सरोगेट' म्हणून मान्यता द्या. ते त्यांच्या लॉगिनने काम करतात आणि ती मान्यता तुम्ही कधीही काढून घेऊ शकता. सीएक्यूएचमध्येही कंपनीला मदतनीस म्हणून जोडता येतं
- मेडिकेअरच्या ८५५-आय अर्जावर डॉक्टरने स्वतःच सही करायची असते. सीएक्यूएचची ग्वाहीही तुमचीच. सही करण्याआधी प्रत्येक पान वाचा, विशेषतः शिस्तभंग, खटले आणि नोकरी सोडण्याविषयीचे हो-नाहीचे प्रश्न. तिथलं चुकीचं 'नाही' पुढे खोटी माहिती ठरतं
- मेडिकेअरचे पैसे जमा होण्यासाठी दिलेलं बँक खातं क्लिनिकच्या किंवा तुमच्याच नावाचं. मधे दुसऱ्याचं खातं कोणी सुचवलं तर संबंध तिथेच संपवा

७. करारात काय हवं

करार लांब नको, पण चार गोष्टी शब्दांत हव्यात. कोणत्या इन्शुरन्स कंपन्या, नावांसह. प्रत्येक अर्ज किती दिवसांत पाठवणार. इन्शुरन्स कंपनीकडून आलेलं प्रत्येक पत्र दोन कामाच्या दिवसांत तुम्हाला पाठवणार. आणि करार संपल्यावर सगळे अर्ज, नोंदी, रेफरन्स नंबर परत देणार. पैसे टप्प्याटप्प्याने द्या: थोडे सुरुवातीला, थोडे अर्ज पोहोचल्याची पावती आल्यावर, उरलेले इफेक्टिव्ह डेटचं पत्र हाती आल्यावर. सगळे आधी मागणारी कंपनी शेवटच्या महिन्यात फोन उचलत नाही.

दरांच्या वाटाघाटी कंपनीवर सोडायच्या असतील तर फी शेड्यूल (दरांची यादी) स्वतः बघा. तुमचे नेहमीचे दहा-बारा बिलिंग कोड घ्या, ९९२१३ आणि ९९२१४ त्यात असतीलच, आणि मेडिकेअरच्या दराच्या शेजारी ठेवून बघा. खाली असेल तर सहीआधी बोला. सही झाल्यावर तोंड उघडून उपयोग नाही.

८. पंधरा दिवसांनी एकदा स्वतः फोन करा

एक साधी एक्सेल शीट पुरते: इन्शुरन्स कंपनी, अर्ज पाठवल्याची तारीख, रेफरन्स नंबर, शेवटचा फोन, कोण बोललं, पुढचं काय, इफेक्टिव्ह डेट. कंपनीचा अहवाल आला की त्यातली एक ओळ निवडा आणि स्वतः फोन करून पडताळा. दर वेळी एकच. तुम्ही तपासता हे कळलं की त्यांचं कामही नीट होतं.

९. मंजुरी येईपर्यंतचे दिवस

या काळात एक सल्ला तुम्हाला नक्की मिळेल: "तोवर सीनियरच्या एनपीआयवर बिल टाका, सगळे टाकतात." टाकू नका. तुम्ही तपासलेल्या पेशंटचं बिल दुसऱ्याच्या नावाने जाणं हा खोटा क्लेम आहे आणि मेडिकेअर-मेडिकेडच्या बिलांना फॉल्स क्लेम्स अ‍ॅक्ट (सरकारकडे खोटं बिल पाठवण्याविरुद्धचा कायदा) लागतो. व्हिसावर असाल तर धोका दुप्पट.

त्याऐवजी पेशंटला अपॉइंटमेंट देतानाच सांगा की अमुक इन्शुरन्स कंपनीत आम्ही अजून इन-नेटवर्क (त्यांच्या यादीत) नाही. ज्यांना थांबता येईल त्यांना पुढची तारीख द्या. ज्या कंपनीची मंजुरी आधी आली तिचे पेशंट आधी घ्या. खासगी कंपन्या सहसा मागच्या तारखेने काही देत नाहीत, त्यामुळे 'होईल नंतर' या आशेवर क्लेम साठवू नका. आणि पहिल्या चार महिन्यांचं भाडं व पगार बाजूला ठेवूनच क्लिनिक उघडा.

१०. मंजुरी आली, आता पुढचं

ईएफटी (पैसे थेट बँकेत) आणि ईआरएची (त्यांचा हिशेब ऑनलाइन) नोंदणी वेगळी करावी लागते, नाहीतर चेक टपालाने येत राहतात. इन्शुरन्स कंपनीच्या डिरेक्टरीत आपलं नाव, पत्ता, फोन बरोबर आहे का ते बघा.

मग कॅलेंडर भरा. सीएक्यूएच १२० दिवसांनी. मालप्रॅक्टिसचा नवा फेस शीट दर वर्षी चढवायचा. खासगी कंपन्यांचं रीक्रेडेन्शियलिंग तीन वर्षांनी, डीईए तीन वर्षांनी, मेडिकेअरचं रीव्हॅलिडेशन पाच वर्षांनी. जागा बदलली तर मेडिकेअरला ३० दिवसांत कळवायचं. प्रत्येक तारखेच्या साठ दिवस आधीची आठवण तुमच्या आणि ऑफिस मॅनेजरच्या, दोघांच्या फोनवर लावा.

कंपनी बदलायची वेळ आली तर आधी सरोगेटची मान्यता काढा, मग सीएक्यूएचमधला मदतनीस, मग प्रत्येक इन्शुरन्स पोर्टलवरचे वापरकर्ते तपासा. शेवटी पेकॉसमध्ये शिरून संपर्काची ईमेल वाचा. माझ्या जुन्या नोंदीत त्या सोडून गेलेल्या कर्मचाऱ्याची ईमेल आणखी दोन ठिकाणी सापडली होती.